पन्नास अंशांचा शेक

जो फोड दुखत नाही, त्याच्याकडे आपण फारसं लक्ष देत नाही. माझ्या डाव्या गालावर आणि उजव्या हाताच्या मनगटाच्या वर आलेले दोन्ही फोड अजिबात दुखत नव्हते. आधी डास चावतो तशी लाल पुळी, मग टणक गाठ, मग तिच्या डोक्यावर खपली. खपली निघाली की खाली ओलसर खड्डा दिसायचा आणि त्याच्या कडा उंच, घट्ट. ताप नाही, ठणका नाही, खाजही नावापुरती. मलम लावलं की वरवर सुकल्यासारखं वाटायचं आणि पुन्हा तेच.

बँकेच्या बदलीवर मी तेव्हा बिकानेरला होते. कोट गेटच्या आत, जुन्या शहरात, एका लाल दगडाच्या हवेलीचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. हात-सव्वा हात जाड भिंती, दगडांच्या सांध्यांतला चुना जागोजागी निघालेला, खालच्या मजल्यावर एक बंद पडलेली, ओल धरून राहिलेली खोली. उन्हाळ्यात सगळं घर गच्चीवर झोपायचं. चौकातल्या लाकडी पाट्यांवर मध्यरात्र उलटेपर्यंत म्हाताऱ्यांच्या गप्पा चालायच्या. नवरा आणि मुलगी पुण्यात होती, त्यामुळे घरमालकीण काकीसा हाच माझा तिथला आधार.

काकीसांनी गालावरचा फोड बघितला आणि त्यांना काही विशेष वाटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या कपाळावर रुपयाएवढा पातळ, चकचकीत, किंचित खोलगट डाग होता. लहानपणचा. "साल भर में आप ही ठीक हो ज्यासी, बाईसा," त्या म्हणाल्या. त्यांच्या जावेच्या कोपरावर तशीच खूण, दूधवाल्याच्या कानाच्या पाळीवर तशीच. मग मला जिकडेतिकडे त्या खुणा दिसायला लागल्या. बँकेच्या काउंटरवर पासबुक पुढे करणाऱ्या हातांवरही दिसायच्या. या गावात हा फोड म्हणजे लहानपणी येऊन जाणारं एक दुखणं, एवढीच त्याची किंमत होती.

काकीसांचं म्हणणं चूक नव्हतं. हा फोड बहुतेकांचा आपोआप भरतो, पण त्याला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. आणि भरताना खूण ठेवून जातो. माझी अडचण ती वर्षभराची होती. बँकेत रोज शंभर माणसं समोर येतात. कुणी काही बोलत नाही, पण नजर डोळ्यांकडून गालाकडे घसरते आणि पैसे मोजून घेताना बोटं जरा आखडतात.

दिवाळीच्या रजेत पुण्याला गेले तेव्हा दोन डॉक्टरांना दाखवलं. एकांनी किडा चावल्याचं सांगून अँटिबायोटिक दिलं. त्याने काही झालं नाही. दुसऱ्यांना त्वचेचा क्षयरोग असावा अशी शंका आली आणि त्यांनी तपासण्यांची यादी हातात ठेवली. कुष्ठरोगाचा उल्लेखही ओझरता झाला. तो शब्द ऐकून माझ्या सासूबाई रात्रभर झोपल्या नाहीत. मी गेलं दीड वर्ष कुठे राहतेय हे मात्र दोघांपैकी कुणीही विचारलं नाही. घरी पाहुण्यांची वर्दळ होती, आणि भाऊबिजेला ओवाळताना मी पदर गालावर ओढून घेतला.

बिकानेरला परतल्यावर बँकेतल्या शिपायाने सरळ सांगितलं, "मॅडम, सरकारी इस्पितळात चमडीवाल्या डॉक्टरांकडे जा. इथे ते रोज हेच बघतात." गेले. ओपीडीतल्या तरुण डॉक्टरांनी फोड लांबूनच पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "शहरात की बाहेर? जुन्या शहरात राहता?" हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली.

तपासणी साधी होती. फोडाच्या मधल्या खड्ड्याला त्यांनी हातही लावला नाही. उंच कड चिमटीत दाबून पांढरी पडू दिली, बारीक ब्लेडने किंचित चीर दिली, आतून खरवडलं आणि तो ओलावा काचेवर पसरला. रक्त आलं तर नमुना बिघडतो, म्हणून ती चिमटी. काच रंगवून झाल्यावर त्यांनी मला मायक्रोस्कोपमधून बघायला दिलं. फिकट निळसर पार्श्वभूमीवर एक मोठी पेशी आणि तिच्या पोटात डाळिंबासारखे दाणे ठासून भरलेले. नीट पाहिलं की प्रत्येक दाण्यात दोन ठिपके दिसतात : एक मोठा, गोल आणि त्याच्या शेजारी एक छोटा, काडीसारखा. ते दोन ठिपके दिसले की निदान पक्कं. हे परजीवी, नाव लिशमॅनिया ट्रॉपिका, आणि आजार त्वचेचा लिशमॅनियासिस. ज्या पेशीचं काम बाहेरून आलेल्याला गिळून पचवायचं, तिच्याच पोटात हा परजीवी राहतो आणि वाढतो.

हे दाणे पहिल्यांदा माणसाने पाहिले ते आपल्याच देशात. दिल्लीकडच्या अशाच फोडांतल्या पेशींचं वर्णन डेव्हिड कनिंगहॅम यांनी 1885 मध्ये कलकत्त्यात लिहून ठेवलं. हे एकपेशीय प्राणी आहेत हे 1898 मध्ये ताश्कंदला बोरोव्स्की यांनी ओळखलं. 1903 मध्ये लिशमन आणि मद्रासचे डोनोव्हन यांनी काळा आजाराच्या रुग्णांमध्ये याच घराण्यातला दुसरा परजीवी शोधला. त्यावरून ते नाव.

हा परजीवी आणते वाळूमाशी. माझं माहेर नागपूरकडचं, त्यामुळे या माशीचं नाव मला नवं नव्हतं. चांदीपुरा विषाणू पसरवते तीच ही, आणि तो विषाणू 1965 मध्ये नागपूरजवळच्या ज्या गावात सापडला त्याचंच नाव त्याला मिळालं. पण ती माशी मी कधी नीट पाहिली नव्हती. काकीसांच्या खालच्या ओल्या खोलीत बॅटरी मारून पाहिली. दोन-तीन मिलिमीटरची, मातकट, अंगावर लव, आणि बसताना पंख वर उभे धरून बसलेली. आवाज नाही. नीट उडताही येत नाही, उड्या मारत सरकते. भिंतीच्या भेगांत दिवस काढायचा आणि अंधार पडला की बाहेर यायचं. चावते फक्त मादी. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आरामात आत शिरते. ट्रॉपिका जातीचा परजीवी ती मुख्यतः एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे नेते. चावल्यापासून फोड दिसेपर्यंत काही आठवडे, कधी काही महिने जातात. त्यामुळे कोणत्या रात्री चावली हे कुणालाच सांगता येत नाही. शिवल्याने मात्र हा आजार पसरत नाही, आणि मी हे सासूबाईंना फोनवर सगळ्यात आधी सांगितलं.

उपचारांचे दोन रस्ते डॉक्टरांनी समोर ठेवले. पहिला जुना : सोडियम स्टिबोग्लुकोनेट, म्हणजे अँटिमनीचं औषध. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारींनी 1920च्या दशकात काळा आजारावर जे युरिया स्टिबामाइन काढलं, त्याच जातकुळीतलं. ते स्नायूत किंवा शिरेतून रोज दिलं तर हृदयावर लक्ष ठेवावं लागतं, ईसीजी काढत राहावे लागतात. म्हणून एक-दोन फोड असतील तर ते फोडाच्या कडेतच टोचतात. आठवड्यातून दोनदा, अशी पाच-सात इंजेक्शनं. "दुखतं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी हे लपवलं नाही हे मला आवडलं.

दुसरा रस्ता उष्णतेचा. त्यामागचं तर्कशास्त्र ऐकताना मला त्याची गंमत वाटली. काळा आजाराचा परजीवी प्लीहा आणि यकृतात, शरीराच्या पुऱ्या उष्णतेत राहतो. हा भाऊबंद मात्र थंडाव्याचा भोक्ता. चेहरा, कान, हात यांची कातडी शरीराच्या आतल्या भागापेक्षा तीन-चार अंशांनी थंड असते, तिथेच तो तग धरतो. चाळीस अंशांच्या आसपास त्याची वाढ खुंटते आणि त्याहून वर तो मरतो. तेव्हा फोडाच्या तळापर्यंत नेमकी तेवढी उष्णता पोचवली, की औषधाची गरजच उरत नाही.

नेमकी, हा महत्त्वाचा भाग. मी फोनवर हे सांगितल्यावर आत्या म्हणाली, "म्हणजे डागलंच की गं! आमच्या वेळी बिब्ब्याने हेच करायचे." हेच नव्हे. तापलेल्या लोखंडाने दिलेला डाग वरची कातडी जाळतो, आत किती उष्णता गेली याचा हिशेब नसतो आणि त्या जखमेत वेगळाच जंतू शिरतो. बिकानेरच्या आसपासच्या खेड्यांत अजून असे डाम देतात. डामाच्या व्रणाशेजारीच जिवंत फोड असलेला एक माणूस मी त्याच ओपीडीत पाहिला. डॉक्टर सांगत होते त्या रेडिओफ्रिक्वेन्सीच्या यंत्रात वीज दोन पट्ट्यांच्या मधून कातडीच्या आत जाते, आतलं ऊतक तापतं, आणि यंत्र तापमान सतत मोजत ते पन्नास अंशांवर धरून ठेवतं, तीस सेकंद. डाग त्याहून कितीतरी जास्त तापमानाचा असतो आणि तरी कामाचा नसतो.

बिकानेरला हे यंत्र असणं योगायोग नव्हता. इथल्या सरदार पटेल वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी 100 रुग्णांवर याची रीतसर तुलना केली होती : निम्म्यांना फोडात इंजेक्शनं, निम्म्यांना एकदाच शेक. 2013 मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजीत ते प्रसिद्ध झालं. दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. त्या अभ्यासात अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाचे अभय सातोस्कर सहभागी होते, हे आडनाव वाचून परगावी कुणी ओळखीचं भेटल्याचं समाधान वाटलं. त्याआधी 2005 मध्ये काबूलमधला मोठा अभ्यास आला होता. काबूल म्हणजे तेव्हा या आजाराचं जगातलं सगळ्यात मोठं शहरी केंद्र. तिथे एका शेकाने 69 टक्के रुग्ण बरे झाले, फोडातल्या इंजेक्शनांनी 75 टक्के आणि स्नायूतल्या इंजेक्शनांनी जेमतेम 45 टक्के. म्हणजे शेक हा काही चमत्कार नव्हे. पण शेक घेतलेल्यांच्या जखमा लवकर भरल्या, आणि तो एका बैठकीत संपला.

मी शेक निवडला. त्या दिवशी हातातल्या बांगड्या, अंगठी, कानातलं, मंगळसूत्र सगळं उतरवून पर्समध्ये ठेवायला सांगितलं. विजेचं यंत्र, अंगावर धातू नको. हृदयात पेसमेकर असलेल्यांना हा उपचार देतच नाहीत. दोन्ही फोडांच्या खपल्या सलाइनने भिजवून काढल्या. मग भूल. उपचार चालू असताना दुखलं ते एवढंच. मनगटावरचं सुसह्य, पण गालात सुई चारी बाजूंनी आत गेली तेव्हा डोळ्यांतून आपोआप पाणी आलं. सिस्टरने माझं कपाळ तळहाताने दाबून धरलं, "बस, हो गयो."

यंत्र लहानसंच, वायरीला एक मूठ आणि तिच्या टोकाला जवळजवळ बसवलेल्या दोन धातूच्या पट्ट्या. डॉक्टरांनी त्या फोडावर घट्ट रोवल्या आणि यंत्राने आवाज दिला. बधिर कातडीवर दाब तेवढा कळत होता. जळल्याचा वास येईल म्हणून मी श्वास धरून बसले होते, पण वास आला नाही. पन्नास अंशांना मांस जळत नाही. तीस सेकंद झाले की पट्ट्या उचलून शेजारी ठेवायच्या, पुन्हा तीस सेकंद. फोड पट्ट्यांपेक्षा मोठा असतो, म्हणून तो पूर्ण झाकेपर्यंत आणि कडेची थोडी निरोगी दिसणारी कातडीही घेईपर्यंत हे चालतं. परजीवी दिसणाऱ्या कडेच्या जरा पलीकडेही असतात. मनगटाला दोन जागा पुरल्या, गालाला एक जास्त लागली. सगळं आवरून मलमपट्टी होईपर्यंत भूल उतरलीही नव्हती. मी रिक्षाने घरी आले आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेले.

पुढचे काही दिवस मात्र सांगितले पाहिजेत, कारण ते सहसा कुणी सांगत नाही. भूल उतरल्यावर चांगलीच आग झाली. दुसऱ्या दिवशी गाल सुजला, डोळ्याखालपर्यंत. नंतर तिथे पाण्याचे फोड धरले, ते फुटले, पिवळसर पाणी यायला लागलं. दुसऱ्या दर्जाचं भाजणं म्हणतात तेच हे. ज्याला माहीत नसेल त्याला वाटेल, आधीपेक्षा वाईट झालं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं : हे होणारच, हे उपचाराचंच अंग आहे. रोज सलाइनने पुसायचं, अँटिबायोटिक मलम, वर पातळ गॉज, ऊन लागू द्यायचं नाही. काकीसा रोज सकाळी पट्टी बदलताना शेजारी बसायच्या आणि हळद भरायचा आग्रह धरायच्या. मी हसून टाळायची. हळूहळू पाणी थांबलं, खपली धरली. ती पडली तेव्हा खाली ओला खड्डा नव्हता, कोवळी गुलाबी कातडी होती. कडा सपाट झाल्या होत्या. काही आठवड्यांत मनगट भरलं, गाल त्याच्या मागून. पुन्हा काच तपासली, तेव्हा दाणे सापडले नाहीत. गालावर फिकट डाग राहिला आहे. काकीसांच्या कपाळावरच्यासारखा खोलगट नाही.

हा उपचार सगळ्यांना चालत नाही. माझ्यासोबत बाकावर एक आठ-नऊ वर्षांची मुलगी बसायची, तिचा फोड नाकाच्या शेंड्यावर होता. नाकाच्या टोकाला, ओठांवर, पापण्यांवर शेक देत नाहीत. तिला इंजेक्शनंच घ्यावी लागत होती, आणि आई दर वेळी तिला घट्ट धरून ठेवायची. खूप फोड असतील, फार मोठे असतील, तरी शेक पुरत नाही. यंत्रही महाग आहे, त्यामुळे ते गावोगावी नाही.

पण याच बाकावर मला शेकाची खरी किंमत कळली. बांधकामावर विटा वाहणारी एक बाई होती, नोखा भागातली. तिने आदल्या वर्षी इंजेक्शनं सुरू केली होती आणि अर्ध्यावर सोडली होती. औषधाने अपाय झाला म्हणून सोडली नव्हती. आठवड्यातून दोन दिवस शहरात यायचं म्हणजे दोन दिवसांची मजुरी बुडायची, वर बसभाडं. फोड दुखत नव्हताच, मग मजुरी कशाला बुडवायची? असा अर्धवट राहिलेला फोड तिच्या एकटीचा राहत नाही. तोच परजीवी माशी उचलून तिच्या पोरांना नेते. तिला एकच दिवस यायचं आणि काम संपवून जायचं असं सांगितल्यावर तिने पुढचाच दिवस पक्का केला. काबूलच्या आकडेवारीत इंजेक्शन सहा टक्क्यांनी वरचढ आहे. पण ज्या रुग्णाला सात वेळा यायला जमणार नाही, तिच्यापुरता तो हिशेब उलटा होतो.

मी त्यानंतर घरात काय केलं तेही सांगते. खालच्या खोलीच्या भेगा चुन्याने बुजवून घेतल्या, कीटकनाशकाची फवारणी करवली आणि बारीक विणीची, औषध लावलेली मच्छरदाणी आणली. गच्चीवर पंखा लावला. वाळूमाशीला वाऱ्यात उडता येत नाही, त्यामुळे पंखा हा तिच्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज. काकीसांच्या नातवंडांना मात्र हे पटवायला वेळ लागला, कारण त्यांच्या मते फोड यायचाच असतो.

आता पुण्यात परत आल्यावर गालावरच्या डागाबद्दल कुणी विचारलं की मी सगळं सांगते. विशेषतः डॉक्टर असतील तर. राजस्थानातून मजूर इथे येतात, ट्रकचालक येतात, सैन्यातली माणसं तिकडून बदलून येतात, आमच्यासारखे बँकवालेही. फोड महिनोन्‌महिने भरत नाही आणि दुखतही नाही, असं कुणी सांगत आलं, तर प्रतिजैविकं लिहिण्याआधी एवढंच विचारावं : गेल्या वर्षभरात कुठे राहिलात? उत्तर बिकानेर असेल, काबूल असेल, इराक असेल, तर फोडाच्या कडेवरून एक काच घ्यावी. मला बरं करणारा उपचार तीस-तीस सेकंदांचा होता. त्याच्यापर्यंत पोचायला जे महिने गेले, ते हा एक प्रश्न विचारला असता तर वाचले असते.